अकरा बेचाळीसची नोंद

मी एक जुना संगणक आहे, असं राजवर्धन म्हणतो. मित्रांनो, माझं वय फक्त सहा वर्षं आहे. सहा वर्षांची म्हैस ऐन दुधात असते, तिला कुणी भंगार म्हणत नाही. मला मात्र म्हटलं गेलं, भर कार्यालयात, आणि ते मी विसरलेलो नाही.

माझी जोडणी कोल्हापुरातल्या एका दुकानात झाली. तिथून जीपमध्ये दुधाच्या दोन कॅनच्या मधे बसून मी राधानगरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेत आलो. चेअरमन गणपतरावांनी माझ्यापुढे नारळ फोडला. त्याच आठवड्यात संयोगिता कामाला लागली. ती विज्ञानाची पदवीधर. कुठली गाय कधी व्याली, तिची आई कोण, बाप कुठला वळू, लस कधी टोचली, हे सगळं तिनं माझ्यात लिहिलं. सहा वर्षांत एक हजार नऊशे चौदा जनावरं झाली. पूर्वी ज्या गोष्टीवरून अर्धा दिवस वाद चालायचा, ती मी एका मिनिटात सांगू लागलो. लोक कौतुक करायचे. मग सवय झाली आणि कौतुक थांबलं. माझ्या पंख्यात पेंडीचा भुसा साचला. तो काढायची एकटी संयोगिता.

या वर्षी माझ्या प्रणालीची मुदत संपत आली. प्रणाली म्हणजे ज्याच्या जोरावर मी चालतो तो मूळ कार्यक्रम. ऑक्टोबरनंतर तिला सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नव्हती, म्हणून नवी घालायचं ठरलं. त्यासाठी गणपतरावांचा पुतण्या राजवर्धन आला. त्याचं शहरात संगणकांचं दुकान आहे. त्यानं तपासणी चालवली. पडद्यावर आलं, 'हा संगणक पात्र नाही.'

"भंगार हाय हे," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "काका, नवा घ्या."

संयोगितानं मात्र तो संदेश शेवटपर्यंत वाचला. नव्या प्रणालीला लागणारी सुरक्षेची सोय माझ्यात होती, ती फक्त जोडणीपासूनच बंद राहिली होती. तिनं मला पुन्हा सुरू केलं, आतल्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू केली, आणि मी पात्र ठरलो. मग तिनं नेहमीसारखी माझ्यातली नोंदवही उघडून पाहिली. सगळी जनावरं जागेवर होती. कार्यालयातली माणसं हसली. राजवर्धन हसला नाही.

तो शनिवार होता, वीस सप्टेंबर, घटस्थापनेच्या दोन दिवस आधीचा. गावात दसरा काढणं चाललं होतं. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवसांत घरातली वाकळ न् वाकळ नदीवर धुऊन येते, माळ्यावरची भांडी खाली उतरतात. गणपतराव कौतुकानं म्हणाले, "राजवर्धन, ह्येचाबी दसरा काढ की. सगळं लख्ख करून टाक."

संयोगिता म्हणाली, आधी नोंदींची नक्कल काढू या. राजवर्धननं, करतो की, म्हणून तिला बाहेर पाठवलं आणि स्वतः खुर्चीत बसला. नवी प्रणाली विचारते की जुन्यातलं काय ठेवायचं. त्यानं नक्कल काढली नाही. 'काहीच ठेवू नका' यावर खूण केली. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

दुपारी मी लख्ख झालो होतो आणि रिकामा.

राजवर्धननं सांगितलं की संयोगितानं आतलं सेटिंग बिघडवलं, म्हणून नोंदी गेल्या. गणपतरावांनी ऐकलं. तिला मला हात लावायची बंदी झाली, आणि पुढच्या रविवारच्या वार्षिक सभेत तिला कामावरून काढायचा ठराव येणार असं गावभर झालं. सहा वर्षांची तिची नेकी एका खुणेखाली गेली.

मित्रांनो, मी बोलू शकत नाही. पण मी लिहितो. कुठला पर्याय किती वाजता निवडला गेला, हे माझ्या नोंदपत्रात आपोआप उतरतं. शिवाय नवी प्रणाली जुनं सामान लगेच फेकत नाही. एका वेगळ्या फोल्डरात दहा दिवस बांधून ठेवते. मी ते दिवस मोजत होतो. मला नोंदी वाचवायच्या होत्या हे खरं, पण त्याहून जास्त मला राजवर्धनची मान खाली गेलेली पाहायची होती.

आठव्या दिवशी सभा भरली. अहवाल दाखवायला मला पांढऱ्या पडद्याला जोडलं होतं. राजवर्धननं माईक घेऊन सांगितलं की नवी प्रणाली पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानं एकट्यानं, स्वतः खुर्चीत बसून घातली. टाळ्या पडल्या. मी मनातून सर्वांत जोरात वाजवल्या.

तेवढ्यात अंबूबाई उठल्या. त्यांच्याकडे तीन गाई आणि एक कालवड.

"माझी कालवड आज माजावर आल्या," त्या म्हणाल्या. "तिचा बाप कुठला वळू, त्येवढं सांगा. बापाचीच रेतमात्रा पडली तर वासरू निकस निपजंल."

राजवर्धन म्हणाला, त्या नोंदी संयोगितानं घालवल्या.

"मग जिनं घालवल्या तिलाच हुडकू द्या की. तुम्ही तर आठ दिवस नुसतंच बघतायसा."

लोक हसले. गणपतरावांना नाही म्हणता येईना. संयोगिता खुर्चीत बसली. तिनं आधी ते बांधलेलं सामान उघडलं, अंबूबाईंना वळूचा क्रमांक सांगितला, सगळ्या नोंदींची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. मग तिनं माझं नोंदपत्र उघडलं आणि ती एक ओळ पडद्यावर मोठी केली. तारीख, अकरा बेचाळीस, काहीच ठेवू नका. बोलायचं ते राजवर्धन माईकवर बोलून बसला होता.

त्याची मान खाली गेली. मी पुरेपूर पाहून घेतली.

ठराव आलाच नाही. सभा उठल्यावर गणपतराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "संयोगिता, ती ओळ तेवढी पुसून टाक. घरचंच पोरगं हाय."

"आण्णा," ती म्हणाली, "तुमच्या घरची गाय गाभडली, तवा तुम्ही सांगूनबी मी नोंद पुसली नव्हती."

तिनं मला नीट बंद केलं आणि पंख्यावरचा भुसा झटकला.

मित्रांनो, आम्हाला नवी प्रणाली जरूर घाला. पण आधी संदेश शेवटपर्यंत वाचा, नक्कल काढा, आणि मगच खूण करा. हे जमलं नाही तरी मी समजून घेईन. पण आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका. ते मी समजून घेत नाही. मिनिटासकट लिहून ठेवतो.