चाराची की सहाची

धनज गावात कोणी इंद्रभानला साधं "नळ आला का?" म्हणून विचारलं, तरी तिसऱ्या वाक्यापर्यंत गडी आपल्या पिकअपवर येणार म्हणजे येणारच. गाडी जुनी होती, चार सिलिंडरची होती, तिच्या मागच्या फळीवर 'इंद्रभानची शान' असं निळ्या रंगात लिहिलेलं होतं. कोणी विचारो न विचारो, तो सांगायचा, "गाडी माही हाये." चालवायची मात्र त्याची पोरगी रूपा. कारण क्लच आणि ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इंद्रभानच्या पायांना शेवटपर्यंत पटलंच नाही. एकदा त्यानं गोठ्याची भिंत पाडली, तेव्हापासून चाबी रूपाकडे आणि फुशारकी बापाकडे अशी वाटणी झाली होती.

त्या फुशारकीला यंदा दृष्ट लागली. त्याचा पुतण्या नरेंद्र कारंज्याला ठेकेदारी करायचा. महामार्गाचं काम आटोपून गेलेल्या एका परदेशी कंपनीच्या लिलावातून त्यानं एक पिकअप उचलली. आकारानं इंद्रभानच्या गाडीपेक्षा थोडीशीच मोठी, पण बॉनेटखाली सहा सिलिंडर.

"मोठेबाबा, तुमची चाराची, माही सहाची," नरेंद्र ओट्यावर बसून म्हणाला. "तुमची बोलते, माही नुसती गुणगुणते."

भागिरथा, म्हणजे इंद्रभानची बायको, चहा घेऊन आली आणि म्हणाली, "चार त् चार. त्यातलं एक घरात आणून ठेवा. माहा गॅस सरला." नरेंद्र हसून लोटपोट झाला. इंद्रभान हसला नाही.

कारण गोष्ट नुसत्या फुशारकीची राहिली नव्हती. टेकडीवरच्या विहारासाठी संगमरवरी बुद्धमूर्ती येणार होती. मोठा ट्रक फाट्यापर्यंतच येणार, तिथून नाला ओलांडून विहाराचा चढ चढायला पिकअपच पाहिजे. कोणाची, हे अजून ठरायचं होतं. आणि इंद्रभानच्या बापानं, लखमानं, धर्म घेतल्यावर गावातली पहिली मूर्ती कारंज्यापासून पायी आणली होती. वीतभर उंचीची, मातीची, टोपल्यात ठेवून, डोक्यावर. ती गोष्ट धनजमध्ये अजून सांगतात. पहिली मूर्ती बापाच्या डोक्यावर आली, तर दुसरी लेकाच्या गाडीत यावी, एवढंच इंद्रभानला हवं होतं. त्यासाठी तो जेवणसुद्धा विसरत होता.

विहार समितीचे अश्वजित सर शाळेत शिकवायचे. ते म्हणाले, "भांडू नका. मूर्तीच्या वजनाची रेतीची पोती भरा अन् दोन्ही गाड्या चढवून पाहू."

भागिरथानं त्यात आपली भर घातली. पाण्यानं काठोकाठ भरलेला गुंड, म्हणजे पितळी घागर, तिनं पोत्यांच्या मधोमध ठेवला. "मूर्तीले दचका बसला त् ते काई बोलणार नाई," ती म्हणाली. "गुंड बोलन." आणि अर्ध्या चढावर पिंपळ आहे, तिथं गाडी थांबवायचीच, हेही तिनं बजावलं. मूर्ती येईल त्या दिवशी बाया तिथं फुलं वाहणार होत्या.

पहिली नरेंद्रची गाडी गेली. काय सांगावं, शंकरपटाच्या शर्यतीतला बैल सुटावा तशी सुटली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पिंपळापाशी थांबली ती झोकातच, पण पुन्हा निघताना नरेंद्रचा पाय जरा जोरात पडला. गाडीनं उसळी घेतली, एक पोतं फुटलं आणि गुंड असा कलंडला की मागून पळणारी पोरं भिजली. इंद्रभाननं आनंद लपवायचा प्रयत्न केला, पण त्याच्या मिशांनी साथ दिली नाही.

नरेंद्रची गाडी खाली आली, गुंड पुन्हा भरला, मग रूपा चारवाली घेऊन निघाली. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं. इंजिन घुरघुरत होतं, काळा धूर सोडत होतं, पण चढत होतं. पिंपळापाशी ती थांबली, पुन्हा निघाली. गुंडातलं पाणी डुचमळलं, सांडलं मात्र नाही. वरच्या वळणावर गाडी क्षणभर थरथरली, करपल्याचा वास आला, आणि मग कशीबशी ती विहारापुढे जाऊन उभी राहिली.

"झालं," इंद्रभान खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गाडी माही हाये."

रूपा वरून पायीच उतरून आली. ओढणीनं तोंड पुसलं. "बाबा, आज चढली. पण त्या दिवशी समोर माणसं असतीन, दहा जागी थांबा लागन. एवढा दम नाई हिच्यात. क्लच जळाला अन् गाडी मागं आली त् मूर्तीचं काय?"

"आपल्याच गाडीले नाव ठेवून राह्यली?" इंद्रभानचा आवाज चढला.

"नाव नाई ठेवत. खरं हाये ते सांगून राह्यली. इंजिन नरेंद्रचंच भारी हाये." मग ती नरेंद्रकडे वळली. "चाबी दे."

नरेंद्रचं तोंड पाहण्यासारखं झालं. "घे बाई. पण सहाची हाये, पायाखालून निसटते."

नरेंद्रच्या गाडीतलं फुटलेलं पोतं बदललं आणि त्यात भरलेला गुंड ठेवला गेला. रूपानं गाडी सुरू केली आणि लगेच काही निघाली नाही. ॲक्सिलेटरवर नुसता पाय ठेवून तिनं आवाज ऐकला, नवी म्हैस घरी आणल्यावर आधी तिच्या पाठीवर हात फिरवतात तसं. मग गाडी निघाली. इतकी हळू की बाजूनं चालणारी बकरी पुढे गेली. पिंपळापाशी थांबली, वळणावर थांबली, मुद्दाम दोन पावलं जाऊन पुन्हा थांबली. दर वेळी गाडी अशी उचलली गेली की निघाली कधी ते कळूच नये. वर पोचल्यावर अश्वजित सरांनी गुंडात डोकावून पाहिलं. काठाशी पाणी होतं तिथंच होतं.

"सिलिंडर चार असो का सहा," भागिरथा म्हणाली, "पाय दोनच लागतात."

तिथंच ठरलं. गाडी नरेंद्रची, चालवणार रूपा. नरेंद्रनं जरा डोकं खाजवलं, पण गडी दिलाचा मोठा होता, त्यानं हो म्हटलं. इंद्रभान मात्र घरी निघून गेला.

रूपानं चारवाली घरी आणून लावली, तसा तो येऊन तिच्या फळीला टेकून बसला. आपलीच पोरगी आपल्या विरोधात गेली, हे त्याला फार लागलं होतं, आणि त्यानं ते बोलून दाखवलं. "माह्या बापानं डोक्यावर आणली होती. माह्याकडून एवढंही नाई झालं."

रूपा त्याच्या शेजारी टेकली. "बाबा, आजोबानं आणली ते टोपलं कोणाचं होतं?"

"शेजारच्या गंगूबाईचं. मागून आणलं होतं. आपल्या घरी कुठं धड टोपलं होतं तवा?"

"मंग टोपलं कोणाचं, हे कोणी इचारते का अजून?"

धनजमध्ये इंद्रभानला गप्प करणारं माणूस जन्मलंच नाही असं लोक म्हणायचे, पण ते त्याच्याच घरी वाढत होतं. त्यानं पोरीच्या पायांकडे पाहिलं. साध्या रबरी चपला, भेगाळलेल्या टाचा. मग म्हणाला, "त्या दिवशी नवे बूट घालशीन का?"

"नाई. चपलेतच पाय बरोबर बसते."

बुद्धपौर्णिमेला सकाळीच ऊन तापलं होतं. पुढे इंद्रभानची चारवाली, तिच्यावर भोंगे, आणि चालवायला नरेंद्र. त्यानं ती पिंपळापाशी दोनदा बंद पाडली, तेव्हा लोक पोट धरून हसले आणि तोही हसला. मागे पंचशील झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, आणि मग ती सहा सिलिंडरवाली, पावलापावलानं. मूर्तीच्या मांडीवर वाहिलेली फुलं होती तिथंच होती. भंतेजींच्या मागोमाग चढावरून "साधू, साधू, साधू" असा आवाज उठला. भागिरथा फुलं वाहताना रडत होती आणि ते लपवतही नव्हती.

इंद्रभान मूर्तीच्या गाडीबरोबर पायी चालत होता, एक हात तिच्या फळीवर ठेवून. कारंज्याहून आलेला एक म्हातारा पाहुणा त्याच्या जवळ आला. गाडी न्याहाळत म्हणाला, "का भौ, गाडी मोठी जबर हाये. कोणाची म्हणा?"

आजूबाजूच्या चार जणांनी माना वळवल्या. या प्रश्नाचं इंद्रभानचं उत्तर अख्ख्या गावाला पाठ होतं.

इंद्रभाननं खिडकीकडे पाहिलं. आत रूपा होती, नजर चढावर, ओठ घट्ट.

"गाडी असन कोणाचीबी," तो म्हणाला. "चालवते ते पोरगी माही हाये."