स्वरूपाचे चार कप

मित्रांनो, मी एक जुने कॉफीचे यंत्र आहे आणि मी रागावलेलो आहे. यंत्राला कसला राग, असे तुम्ही म्हणाल. आधी माझी गोष्ट ऐका, मग ठरवा.

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मला जोडले. पत्र्याचे अंग आणि आत तीन डबे. एकात दुधाची पावडर, एकात साखर, एकात कॉफी. बटण दाबले की प्रत्येक डब्यातली पावडर ठरलेल्या वेळेपुरती खाली पडते, त्यावर गरम पाणी येते आणि कप भरतो. ही वेळ माझ्या दाराच्या आत एका लहान पडद्यावर ठरवतात. माझी कॉफीची वेळ एक सेकंद होती. तेवढ्यात एका माणसापुरती साधी कॉफी होते.

मला चाकणच्या एका कंपनीत बसवले. तिथे मोठ्या प्रेसवर पत्रा दाबून मोटारींचे भाग काढत. सकाळी दहाला आणि दुपारी दोनला दहा मिनिटांचा ब्रेक असे. माणसे हात पुसत माझ्यासमोर येत, कप घेऊन बाकावर बसत. रणजीत नावाचा प्रेस ऑपरेटर फार बोलका होता.

"शालनमावशी, हे मशीन तुमच्यापेक्षा गोड हाय बघा," तो म्हणे.

शालनबाई तिथे झाडलोट करायच्या. जवळच्याच गावातल्या. त्या झाडू आपटून म्हणत, "व्हय का? मग त्यालाच सांग तुझा खाली टाकलेला कप उचलाया."

दर सोमवारी मालोजी यायचा. माझी साफसफाई आणि डबे भरणे हे त्याचे काम. तो कंपनीचा नव्हता, यंत्रे पुरवणाऱ्या ऑफिसचा होता. गरम पाण्याने माझी नळी धुताना तो म्हणे, "चल राजा, तोंड उघड." त्यानेच आपल्या बायकोला, स्वरूपाला, इथे प्रेसवर कामाला लावले होते. दोघे लातूरकडचे, रहाटणीत एका खोलीत राहत. सोमवारी ती त्याच्याशेजारी उभी राहून कॉफी घ्यायची.

"अहो, घरी कधी अशी करून देणार?"

"घरी बटण कुठंय?" तो म्हणायचा, आणि ती त्याच्या दंडावर चापट मारायची.

ते दिवस चांगले होते. मग सणाच्या आधी गाड्यांची मागणी वाढली. रोज चार तास ओव्हरटाइम सुरू झाला. सकाळी सातला प्रेसवर उभे राहायचे ते संध्याकाळी साडेसातपर्यंत. प्रॉडक्शन बघणाऱ्या दिग्विजय साहेबांनी दोन्ही ब्रेक बंद केले. ट्रेमध्ये कप घेऊन शालनबाईंनी प्रत्येकाच्या प्रेसपाशी जायचे. कुणी जागा सोडायची नाही.

एका सोमवारी साहेब मालोजीला म्हणाले, "दुपारनंतर माणसं डुलक्या खातात राव. कॉफी कडक कर जरा."

"साहेब, त्यासाठी आमच्या ऑफिसला लिहून द्यावं लागतं."

"लिहायचं काय त्यात? दोन बटणं दाबायची. का दुसऱ्याचं मशीन आणू?"

मालोजीने माझे दार उघडले. एक सेकंदाचे अडीच केले. कडू लागू नये म्हणून साखरही वाढवली. त्याने हे कुणाला सांगितले नाही. माझ्या अंगावरचे कपाचे चित्र तेच राहिले आणि कपही तेवढाच.

मित्रांनो, कॉफीत कॅफीन असते. दिवसभर जागून माणूस दमतो तसा मेंदूत झोपेचा निरोप साठत जातो. कॅफीन तो निरोप अडवते. थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. थोडे असले तर डोळे उघडतात आणि काम सुधारते, हे खरे आहे. पण ते तासनतास अंगात राहते. संध्याकाळी प्यालेले रात्रीची झोप खाते. जास्त झाले आणि झोपही नसली, तर छाती धडधडते, हात कापतात, उगीच भीती वाटू लागते. भीती फार वाढली की काहींना आपलेच शरीर परके वाटते आणि समोरचे जग खरे वाटत नाही.

स्वरूपा चार कप घ्यायची. आठला, अकराला, दोनला आणि पाचला. पहिल्या आठवड्यात तिचा हात सर्वांत वेगाने चालला. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तिसऱ्या आठवड्यात तिचे हात कापू लागले. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबावी लागतात, म्हणजे हात आत सापडत नाही. तिच्या एका हाताची वेळ चुकली की प्रेस चालत नसे आणि माल मागे पडे.

"पिक्चर बघतीस का गं आत?" रणजीत ओरडला.

ती हसली नाही. संध्याकाळी सुटल्यावर रिकामा कप ठेवायला ती माझ्याकडे आली तेव्हा शालनबाईंना म्हणाली, "मावशी, हे हात माझे वाटेनात. मागं उभी राहून दुसऱ्याच कुणाचं काम बघतेय असं होतंय. मी वेडी तर होत नाही ना?"

"जेवलीस का?"

"घास उतरत नाही."

"मग ही कापी घे गरम. अंगात जीव यील," असे म्हणून शालनबाईंनी बटण दाबले.

त्यांची माया खरी होती. पण त्या दिवशी स्वरूपाला पाचवा कप मिळाला, आणि तो मी भरला. मला दुसरे काही करता येत नव्हते.

पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती मालोजीच्या शेजारी उभी होती. आदल्या दिवशी दोघे डॉक्टरकडे जाऊन आले होते.

"अहो, त्यांनी कॉफी किती घेता विचारलं. मी चार कप सांगितलं. ते म्हणाले चार काही फार नाही, पण कमी करा, झोप घ्या. तुम्ही बाजूलाच होता. मी नीट सांगितलं ना?"

मालोजीच्या हातात ओले फडके होते. माझे दार उघडे होते आणि पडद्यावर अडीचचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर होता. तिचे चार कप म्हणजे दहा कप होते. डॉक्टरांना ते माहीत नव्हते, तिलाही नव्हते. त्याला होते.

"नीट सांगितलंस," तो म्हणाला. मग फडके पिळत म्हणाला, "आजपासून कॉफी बंद कर तू."

"का हो?"

एवढ्यात साहेब तिथून गेले. "मालोजी, सगळं ओके?"

"ओके साहेब," तो म्हणाला आणि त्याने माझे दार लावले. सांगितले असते तर तिचेही काम गेले असते आणि त्याचेही. ही भीती मला कळते. तरी मी त्याला माफ करत नाही.

स्वरूपाने दोन दिवस कॉफी घेतली नाही. एकदम सोडली की डोके ठणकते, डोळे मिटतात. हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिचा माल अर्ध्यावर आला. साहेब सगळ्यांसमोर बोलले. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा कप घेतला.

त्याच संध्याकाळी ती गेली. दुसऱ्या दिवशी शालनबाई रणजीतला सांगत होत्या ते मी ऐकले. "गेटाबाहीर रस्त्याच्या पल्याड नवरा गाडी घिऊन उभा व्हता. ती अर्ध्या रस्त्यात थांबली रं. त्यो हाका मारतोय, ही त्याच्याकडं बघतीय, पर पाय उचलंना. सपनात असल्यावानी. ट्रेलरवाल्यानं ब्रेक दाबला, पर थांबला न्हाई त्यो."

रणजीतने भरलेला कप न पिता परत ट्रेमध्ये ठेवला.

कंपनीने गेटवर पाटी लावली, 'रस्ता ओलांडताना लक्ष द्या.' लक्ष! रोज बारा तास तिचे लक्ष पिळून घेतले, झोप मागायची सोय ठेवली नाही, आणि आता लक्ष द्यायला सांगतात! नुसत्या कॉफीने ती गेली असे मी म्हणत नाही. झोप नव्हती, ब्रेक नव्हता, घास उतरत नव्हता. पण या सगळ्यावर झाकण म्हणून मला वापरले.

तेराव्यानंतर मालोजी आला. त्याने माझे दार उघडले आणि सगळ्यांना बोलावले. साहेबही आले. त्याने गरम पाणी बंद केले, दूध-साखरेचे डबे काढले, कपाच्या जागी स्टीलचे ताट ठेवले आणि चार वेळा बटण दाबले. कोरड्या कॉफीचा ढीग पडला. मग आकडा एकवर आणला, दुसरे ताट ठेवले आणि पुन्हा चार वेळा दाबले.

"हे चार कप डॉक्टरला कळले," तो लहान ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि हे चार ती प्यायली."

"मालोजी, तुझ्या घरी दुःख झालंय म्हणून ऐकून घेतोय," साहेब म्हणाले.

"ऐकूच नका साहेब, लिहून घ्या. तुम्ही सांगितलं आणि मी वाढवलं. मला माहीत होतं आणि मी डॉक्टरसमोर तिच्याशेजारी बसून गप्प राहिलो."

शालनबाईंनी मोठ्या ढिगाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. त्यांनी ट्रे बाकावर ठेवला. "माझ्या हातानं दिली म्या तिला," त्या म्हणाल्या. "आता मी कप घिऊन फिरनार न्हाई. ज्याला पायजे त्यानं हितं यावं, बसावं, मग प्यावं."

रणजीत बाकावर बसला. मग एकेक जण बसला. त्या दिवशी कितीतरी वेळ प्रेस बंद होते. दुसऱ्या दिवशी मालोजीची नोकरी गेली आणि मला टेम्पोत घालून भंगारात पाठवले. दिग्विजय साहेब अजून तिथेच आहेत.

मित्रांनो, मी आता कुणाला एक कपसुद्धा देऊ शकत नाही. म्हणून एवढेच सांगतो. कुणी किती कप घेतले हे विचाराल तेव्हा त्या कपात किती होते हेही विचारा. तुमच्या घरातले कुणी म्हणाले की हे हात माझे वाटत नाहीत, तर हसू नका आणि त्याला जागे ठेवायला आणखी काही पाजू नका. त्याला बसवा, झोपू द्या, डॉक्टरकडे न्या. आणि तुम्हाला काही माहीत असेल, तर तिथेच, डॉक्टरांसमोर, तोंड उघडून सांगा.