दुसऱ्याच्या आईचं सुतक

बांधाचं सामान खाल्लं राजधानीतल्या मंत्री लू चेंगयानने, आणि बांध फुटल्यावर मान उडाली माझ्या नवऱ्याची, कारण कागदावर शिक्का त्याचा होता. तो साधा कारकून. गुन्हेगाराच्या नावाची पाटी कुळाच्या देवळात, पूर्वजांच्या ओळीत लागत नाही. त्याला ना धूप, ना वर्षाचं ताट, उपाशी भूत होऊन कुठेतरी भटकत असेल. त्याची पाटी तिथे लावायची, एवढंच माझ्या आयुष्यात उरलं होतं.

लूविरुद्ध काही हाती लागेल, म्हणून माहेरचं नाव सांगून मी त्याच्या गावच्या घरी कामाला लागले. त्याच्या म्हाताऱ्या आईचं सगळं माझ्याकडे आलं. बाई भलतीच फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, तुझं शिवण बघून चिंध्यांनाही लाज वाटेल. वर्षभराने मला शेजारी बसवून स्वतःच्या ताटातले माशाचे तुकडे माझ्या वाडग्यात टाकू लागल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो येईना, याचाच राग यायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. त्याच आठवड्यात उपमंत्री शी यांच्या माणसाने मला बाजारात गाठलं; मी कुणाची बायको, हे त्याने शोधून काढलं होतं. आई मेली की मुलाने पद सोडून सत्तावीस महिने सुतक पाळायचं, थडग्याशेजारच्या खोपटात राहायचं, हा कायदा. लू उठला की त्या जागी शी बसणार, आणि शी बसला की माझ्या नवऱ्याचा निवाडा पुन्हा होणार. विष वगैरे काही घालायला नको, औषध पोटात गेलं नाही तरी पुरे, असं तो म्हणाला. भाजीचा भाव सांगावा तसं.

हा कायदा म्हातारीलाही पाठ होता. वैद्याचा काढा इतका कडू, की वासानेच माझे डोळे मिटायचे. त्या मात्र एका दमात पिऊन टाकायच्या आणि म्हणायच्या, "मला मरायची सोय नाही, सुयिन. मी गेले की पोरगं घरी बसेल. मंत्र्याच्या आईने आपलं खोकत का होईना, जगायचं."

मी काढ्याऐवजी ज्येष्ठमधाचं पाणी उकळून दिलं. पहिल्याच घोटाला त्या थांबल्या.

"आज कडू नाही गं."

"वैद्यांनी औषध बदललंय, आईसाहेब."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू देतेस ना? मग औषधच असणार," म्हणाल्या आणि वाटी रिकामी केली.

ती वाटी मी हिसकावून घेऊ शकले असते. खरा काढा उकळायला असा कितीसा वेळ लागतो? मी वाटी विसळून ठेवली. अकराव्या दिवशी दुपारी त्या गेल्या, माझा हात हातात धरून. केसाने गळा कापणं म्हणतात, ते मी केलं.

मग लूची वाट बघत बसले. पद गेलेला, उतरलेल्या तोंडाचा लू मला डोळे भरून बघायचा होता. महिन्याने तो नाही, त्याची बातमी आली. फुटलेला बांध पुन्हा बांधायचाय आणि या कामातला इतका जाणकार माणूस दुसरा नाही, म्हणून बादशहाने त्याचं सुतक माफ केलं. त्याने म्हणे दरबारात रडून तीनदा राजीनामा दिला, तीनदा तो परत मिळाला, आणि एवढी मातृभक्ती पाहून वर बढतीही. शीची रवानगी कुठल्याशा दूरच्या जिल्ह्यात झाली. निवाड्याचं नाव कोण काढणार?

पाठोपाठ लूचं पत्र आलं. कारभाऱ्याने ते साऱ्या गावासमोर वाचलं. आईच्या प्रत्येक पत्रात तुझं नाव असे, तिने तुला मुलगी मानलं होतं, तेव्हा माझ्या जागी तूच खोपटात बस, असं त्यात होतं. नाही म्हणायला मी कोण? मोलकरीण.

आता मी तागाचे जाडेभरडे कपडे घालून थडग्यापाशी बसते. सोळा महिने झाले, अकरा उरलेत. नवऱ्यासाठी मला कधी मोठ्याने रडता आलं नाही, गुन्हेगारासाठी रडणं हाही गुन्हाच. इथे कितीही रडा, कुणी अडवत नाही. उलट बायका सुनांना घेऊन येतात आणि सासूसाठी असं रडावं म्हणून माझ्याकडे बोट दाखवतात.

सुरुवातीला मी ठरवलं होतं, थडगं तिचं असलं तरी रडायचं नवऱ्यासाठीच. जमत नाही. गुडघे टेकले की त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही. रडू येतं ते म्हातारीसाठीच.