स्तामातो आत्याचा नवस

"हात वर कर. आत्ता, माझ्यासमोर कर," मी म्हणालो.

"गाडीत जागा कुठंय?"

"मग उतर आणि कर!"

"ओरडू नकोस अर्गिरा. चर्चच्या दारात आहोत."

स्तामातो आत्या उतरली. उजवा हात कमरेच्या जरा वर आला आणि अडकला. मग तिनं नुसता खांदाच कानाकडं उचलला, म्हणजे हात वर गेल्यासारखा दिसावा.

"मला बनवतेस?"

"तुला कुठं? पाद्रीबाबांना."

आज कालिरोईच्या पोरीचा बाप्तिस्मा. आत्याचं लग्न झालं नाही, पोरबाळ नाही. शेजारची कालिरोई तिच्याच घरात खाऊनपिऊन वाढली, म्हणून तिनं आत्याला पोरीची नुना व्हायला सांगितलं. पाद्री बाळाला कुंडातनं बाहेर काढतो तेव्हा ते तेलानं माखलेलं, निसरडं बाळ जी हातावर घेते ती नुना. पोरीची धर्माची आई, जन्मभराची. जी घेईल तिचंच नातं.

आत्याचा खांदा झिजलाय. ऑलिव्हच्या फांद्यांवर काठ्या हाणून हाणून. हिवाळाभर मी तिला पिकअपमधून शहरात पोलिक्सेनीकडं न्यायचो, फिजिओथेरपीला. शाळा सोडल्यापासून घरचा ड्रायव्हर मीच.

पोलिक्सेनी स्पष्ट बोलायची. "झिजलेलं परत येत नाही, स्तामातोबाई. पण भोवतीचे स्नायू घट्ट झाले तर हात वर जाईल. दुखलं तर कमी करा, बंद नका करू."

टेबलावर वाकून हात झुलवायचा. बोटांनी भिंत चढायची. रबरी पट्टा ओढायचा. पुढं पुढं तर आत्या पिठाची पिशवी टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांवर घ्यायची आणि स्वयंपाकघरात फिरायची. पिशवीशी बोलायचीसुद्धा. वेणी स्वतः घालायला लागली होती. मी बघितलंय.

आणि मग ईस्टरच्या आधी तिनं संत पांतेलेइमोनला नवस बोलला. चांदीच्या पत्र्याचा छोटा हात आणून त्याच्या तसबिरीला टांगला, आणि दुसऱ्या दिवसापासून व्यायाम बंद!

"का पण?" मी विचारलं.

"त्याच्या हवाली केल्यावर पट्टे ओढत बसू? त्याला काय वाटेल, हिचा माझ्यावर भरवसाच नाही."

"अगं, तो स्वतः डॉक्टर होता!"

"म्हणून तर. एका वेळी एकच डॉक्टर."

मी दार आपटून बाहेर गेलो. खांदा आखडत गेला आणि आत्या रोज सकाळी म्हणायची, आज जरा बरं वाटतंय.

चर्चमध्ये आत्यानं प्रार्थना एकदम खणखणीत म्हटली, एक शब्द चुकला नाही. पांढरं कापड तिच्या दोन्ही हातांवर पसरलं. पाद्रीबाबांनी पोरीला पाण्यातनं काढलं, ती बोंबलत होती, पाय झाडत होती. डावा हात पुढं गेला. उजवा तिथंच. कापड एका बाजूनं घसरलं.

पाद्रीबाबा थांबले. सगळे थांबले. आत्यानं कालिरोईच्या नणंदेकडं बघितलं.

"दिओनी, तू घे."

"अहो, असं कसं? मी धरते बाजूनं, तुम्हीच..."

"घे म्हणते ना! पोर पडेल माझ्या हातनं."

दिओनीनं घेतलं. ती नुना झाली.

आता सगळे चर्चमागच्या हॉलमध्ये जेवायला बसलेत, कोकरू भाजल्याचा वास इथं अंगणापर्यंत येतोय. आत्या जेवायला आलीच नाही. पिकअपमध्ये बसलीय. मघाशी मी खिडकीशी गेलो आणि म्हणालो, सोमवारी पोलिक्सेनीकडं जाऊ, परत सुरू करू.

"आता कशाला रे?" ती म्हणाली. "आता कुणाला उचलायचंय?"

मग उजवा खांदा चोळत बसली. नंतर हळूच म्हणाली, "संत रागावला नसता ना रे, मी दोन्ही केलं असतं तर?"

आतनं वाजंत्री सुरू झालीय, आणि तिला ती ऐकायची नाहीये. हॉर्न दाबतेय, डाव्या हातानं. मला आता निघायला हवं.