वीस सेकंदांचा ढावलो

रविवारी सकाळीच आमच्या बँडची गायिका सुरभी हिने फोनवर सांगून टाकलं, "राखी, तुझ्या सोलोत चूक एकही नाही, पण ऐकताना काही होतच नाही. चारच्या तालमीत जमलं तर ठेवू, नाहीतर त्या जागी मी एक कडवं गाते."

पुसदच्या येत्या कार्यक्रमात आम्ही स्वतः केलेलं एकच गाणं होतं, आणि त्यातले गिटारचे वीस सेकंद तेवढे माझे. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलंय. चूक दाखवली तर दुरुस्त करते. पण "काही होत नाही" हे मोजायचं कशात?

मग रामीकाकी आठवली. आमच्या बंजारा तांड्यात लग्न ठरलेल्या मुलीला ढावलो तीच शिकवते. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीने आईच्या, काकीच्या गळ्यात पडून गायचं रडणं. ते आपोआप येत नाही, कित्येक दिवस बसून शिकावं लागतं. म्हणजे रडणं शिकवता येतं! मला नेमकं तेच हवं होतं.

काकी अंगणात तूर पाखडत होती.

"काकी, मले ढावलो शिकव."

तिच्या हातातलं सूप पडलं. "जुळलं काय तुह्यं? कुठचा हाय? आन् मले आता सांगतं?"

"लग्न नाही वं, गिटारसाठी पायजे."

"गिटारसंगं लगन करतं काय?" तिने कुंपणापलीकडे हाक मारली, "बिजले, आयकलं का! राखी ढावलो शिकून राह्यली!"

दोन मिनिटांत शेजारची बिजलीबाई गुळाचा खडा घेऊन हजर. नाही म्हणायला माझ्या तोंडात जागाच उरली नाही.

काकी गायला लागली, तसं मी फोनवर सुराची उंची दाखवणारं अ‍ॅप सुरू केलं. पडद्यावरची रेघ बघून मी उडालेच. काकी थेट सुरावर जातच नव्हती! थोडी खालून निघायची, अर्धा सेकंद घेत वर चढायची, तिथे रेघ सरळ व्हायची आणि मगच थरथरायची. ओळ संपायच्या जरा आधी रेघ गायबच. मी मात्र सोलोत प्रत्येक सूर पहिल्या क्षणापासून हलवत होते आणि मधे कुठेच थांबत नव्हते. गिटारला श्वास लागत नाही ना, म्हणून!

"तिथं काहून थांबतं, काकी?"

"हुंदका येते ना वं. हुंदक्यात कोन गाते?"

साडेतीनपर्यंत वाजवून बोटं हुळहुळली. तालमीला काकी स्कूटीवर मागे बसून आलीच. तिला नवरा पाहायचा होता.

अंकुरने ड्रमवर चार मोजले. सोलो आला. मी खालचा सूर दाबला आणि तार हळूहळू वर ओढली. पोहोचले. हलवली नाही. अजून नाही. आता! तिसऱ्या ओळीच्या शेवटी तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला. नुसते ड्रम. मग शेवटचा सूर.

वीस सेकंद संपले, पण सुरभी गायलीच नाही.

"अवं सुरभी, तुही ओळ गेली!" अंकुर ओरडला.

"जाऊ दे. सोलो राहू दे," ती म्हणाली. माईक बंद न करताच तिने नाक पुसलं, ते स्पीकरमधून सगळ्यांनी ऐकलं.

मी काकीकडे पाहिलं. पदर डोळ्याला, पण कपाळाला आठी.

"नवऱ्याचं मंग पाहू," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीत तू हुंदका गिळला."

"कुठं?" मी लगेच तार धरली. "अंकुर, पुन्हा दे!"