शेवटचा पोचा आधी

पत्र्याचे पोचे काढताना शेवटी पडलेला आधी काढायचा, हे केरूच्या हाडात मुरलेलं होतं. पेणच्या गॅरेजात त्याने अर्धा जन्म गाड्यांचे दरवाजे सरळ करण्यात घालवला होता. एका पोच्यावर दुसरा पडला की वरचा खालच्याला दाबून धरतो. खालच्याला आधी हात लावला तर पत्रा ताणतो आणि मग कधीच सपाट बसत नाही. म्हणून अपघात जसा घडला त्याच्या उलट्या क्रमाने घाव घालायचे.

आता त्याच्यापुढे निलेशच्या गिटारच्या अँप्लिफायरची चासी होती, म्हणजे ज्यात सगळे भाग बसतात तो लोखंडी सांगाडा. शिमग्यानंतर रोह्याला हळदीत वाजवायला निघालेला टेम्पो नागोठण्याच्या अलीकडे उभ्या ट्रकवर आदळला. टेम्पो चालवणारा सखा जागीच गेला. मागे अँप्लिफायर मांडीशी धरून बसलेला निलेश, केरूचा मुलगा, वाचला, पण त्याचा उजवा हात चेंगरून निकामी झाला आणि डोक्याला मार लागून वाचा गेली. आता कासू गावातल्या घरी तो ओटीवर बाजेवर बसून असे. उठवलं तर उठे, बसवलं तर बसे.

अँप्लिफायर पुन्हा वाजायला हवा, हा हट्ट नमिताचा, निलेशच्या बायकोचा. ओळखीचा आवाज कानावर पडू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. पेणच्या मोरू रेडिओवाल्याने आतले भाग काढून घेतले आणि रिकामी चासी केरूच्या हातात दिली.

"ह्याच्यात ट्रान्सफॉर्मर बसवू कसा, झोपवून? तुम्ही तर म्हणे आख्ख्या जीपा सरळ करता."

"करून आणतो."

"आणा. नायतर घमेलं म्हणून वापरा."

घरापुढच्या खळ्यात बसून केरूने पोच्यांचा क्रम लावला. सगळ्यात वर एक उथळ पोचा होता. निलेशला बाहेर ओढताना लोकांनी चासी रस्त्यावर फेकली, तेव्हाचा. त्याच्याखाली लांबट चुरगळा होता, टेम्पो कलंडला तेव्हाचा. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्याशी, एक गोल खोल खळगा. ट्रकवर आदळताना तो निलेशच्या डोक्याने पडला, हे केरूला कोणी सांगायला नको होतं.

पहिल्या दिवशी त्याने उथळ पोचा काढला. संध्याकाळी नमिताने हाक मारली.

"बाबा, ह्यांच्या पाठीवरचे वण बघा."

निलेशला फरफटत ओढलं तेव्हाचे लांब काळे वण होते. केरूने पाठ उजेडाकडे वळवली. "कुठं हायत?"

"तेच म्हणते मी. नाय हायत."

"तेलानं गेले असतील गो."

दुसऱ्या दिवशी चुरगळा निघाला. केरूने हातोडी खाली ठेवली तेव्हा निलेश उजव्या हाताने मानेवरची माशी हाकलत होता. शेजारची धोंडुबाई कुंपणावरून बघत राहिली. "कुठल्या देवाला बोललीस गो, नमिता? मलापण सांग, माझा गुडघा धरलाय."

नमिता हसली. केरू मात्र रात्रभर जागा होता. जखम भरली की तिची खूण मागे राहते. या हातावर शिवलेल्याची खूणही उरली नव्हती. हात बरा झाला नव्हता. त्याला कधी काही झालंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो चासीपुढे नुसताच बसला.

"एकच राहिलाय ना?" नमिता म्हणाली.

"राहू दे तो. मोरूला सांगतो, तसाच बसव."

"मलापण दिसतंय काय होतंय ते, बाबा. दोन महिने मी एकटीच बोलतेय ह्या घरात. थांबू नका."

त्याने बाहेरून लोखंडी ठोकळा लावला आणि आतून, कडेकडून मधे, गोल फिरत, हलके घाव घालू लागला. ऊन डोक्यावर होतं. पत्रा ऐकत होता. केरूने मान वर केली तेव्हा इस्पितळात भादरलेल्या निलेशच्या डोक्यावर केस कानापर्यंत आले होते, पाणी लावून विंचरलेले. खळगा बोटालाच जाणवेल एवढा उरला.

"हॉर्न नको मारू रे. आलो," निलेश म्हणाला.

नमिताने तोंडावर पदर धरला.

रस्त्याच्या वळणावर इंजिन धडधडत होतं. डिझेलचा वास खळ्यात आला.

"कोणाची गाडी गो?" केरूने विचारलं.

"असू दे कोणाचीपण. बोलले ते, बाबा."

निलेश उठून उभा राहिला. कोणी उठवल्याशिवाय. "अँप्लिफायर द्या, बाबा. उशीर झाला. तिकडं हळद लागायची येळ झाली."

वळणावरून आवाज आला. "निलू, येतोस का जाऊ?"

आवाज सखाचा होता, आणि सखाला केरूने स्वतः खांदा दिला होता.

एक हलका घाव, की पत्रा सपाट. केरूच्या हातात हातोडी होती आणि मुलगा त्याच्यासमोर धडधाकट उभा होता, ज्याचा अपघात अजून व्हायचा होता. निलेशने पायरी उतरली. नमिता त्याची गिटार आणायला आत धावली होती.

केरूने चासी उलटी केली, घण उचलला आणि कोपऱ्याशी बाहेरून घातला. एवढ्या जोराने त्याने आजवर पत्र्यावर कधी घाव घातला नव्हता.

इंजिन बंद पडलं. निलेश पायरीवर बसला. ओठ हलले, आणि मग हलायचे थांबले.

नमिता गिटार घेऊन दारात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग चासीतल्या खळग्याकडे.

"मुद्दाम मारलात तुम्ही."

केरूने घण खाली ठेवला. तो निलेशला उठवायला खाली वाकला. निलेशचा उजवा हात वर आला, त्याने बापाचं मनगट घट्ट धरलं, आणि डोळे वळणाकडे लागलेले असताना तो ते सोडेना.