मातीनं धरलेलं औषध

चन्नम्मानं शेतातलं उसाचं पाचट कधी जाळलं नाही, आणि एवढ्यावरून कोडोली गावानं तिला वीस वर्षं येडी ठरवलं होतं. ऊस तुटला की बाकीच्यांच्या रानात काडी पडे आणि दुसऱ्या दिवशी रान मोकळं. हिच्या रानात पाचट कुजत पडलेलं, वर उन्हाळ्यात खतासाठी धनगरांची मेंढरं बसवलेली. बाई हट्टी होतीच. पण तिची माती मुठीत घेतली की हट्ट कशासाठी होता ते हाताला कळायचं.

२००५ साली गावातल्या बाळासोंनी सेंद्रिय भाजीचा गट काढला. दर रविवारी टेम्पो कोल्हापुरात राजारामपुरीत जाई, आणि चन्नम्माची मेथी सगळ्यांच्या आधी संपे. नवरा गेल्यावर जे गाव तिला मोजत नव्हतं, ते आता तिच्या मेथीचं नाव काढत होतं. दुकानातलं खत वापरायचं नाही, हा गटाचा नियम. त्यामुळे शेजारच्या गावच्या हंबीररावांनी आपल्या पोल्ट्रीचं कोंबडखत फुकट देऊ केलं तेव्हा कुणी मागचापुढचा विचार केला नाही. कोंबडखत म्हणजे सेंद्रियच की! चन्नम्मानंही दोन वर्षं ट्रॉल्या उतरवून घेतल्या. कोंबड्यांच्या खाद्यात काय कालवतात, हे विचारायचं तिलाही सुचलं नाही.

ते सुचलं तिच्या बहिणीच्या मुलीला. विद्याश्री कोल्हापुरात एम.एस्सी. करत होती. प्रकल्पासाठी तिनं गटातल्या सगळ्यांच्या रानातली माती तपासली. ताप आल्यावर डॉक्टर देतात तसलं अँटिबायोटिक त्या मातीत सापडलं. कोंबड्या आजारी पडू नयेत म्हणून ते खाद्यातून दिलेलं होतं, आणि खतातून रानात उतरलं होतं. सगळ्यात जास्त निघालं ते चन्नम्माच्या मातीत. बाळासोंच्या मुरमाड रानात नावापुरतंच.

मेथीचं नाव काढलं तरी गाव टपलेलंच होतं. बाळासोंनी आपल्या सोप्यात बैठक बोलावली आणि हंबीररावांना मानानं लोडाशी बसवलं. खत सगळ्यांना एकाच शेडमधलं, मग घाण हिच्याच रानात कशी, असा बाळासोंचा सवाल. दोष खताचा नसून वीस वर्षं कुजवलेल्या पाचटाचा आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. माना हलल्या. चन्नम्माचं नाव गटातून काढायचं जवळजवळ ठरलंच.

विद्याश्री कागद घेऊन उठायला लागली. चन्नम्मानं तिचा खांदा दाबून तिला बसवलं आणि स्वतः उभी राहिली. भाचीकडून तिनं हे प्रकरण चार वेळा समजावून घेतलं होतं.

"व्हय, माझ्या मातीत हाय," ती म्हणाली. "कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची माती हे औषध धरून ठेवती. बाळासो, तुमच्या रानात बी तेवढ्याच ट्रॉल्या पडल्या. तुमच्या मातीनं न्हाय धरलं, मग ते गेलं कुठं?"

 मग तिनं सांगितलं की दोन विहिरींचं पाणीही तिनं तपासायला धाडलं होतं. विद्याश्रीनं आकडे वाचले. चन्नम्माच्या विहिरीत औषध नव्हतं. बाळासोंच्या रानाखालच्या विहिरीत होतं, आणि त्या विहिरीवर खालची अख्खी आळी पाणी भरत होती.

बाळासोंचा चेहरा उतरला. तुझं नाव राहू दे, असं ते घाईनं म्हणाले.

"नाव काढा," चन्नम्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिनं लपवला नाही. "धरलं म्हंजी संपलं, असं न्हाय. माझ्या मातीतलं उतरूपतुर मीच मेथी इकणार न्हाय, आन् गिऱ्हाइकास्नी कारण मीच सांगणार. पन आळीतल्या बायकास्नी पाण्याचं तुमी सांगायचं. आजच."

बाळासोंची बायको धोंडुबाई दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. पाहुण्याला द्यायचं गूळपाणी तिच्या हातात तसंच राहिलं होतं. ती पुढं आली आणि गुळाची वाटी व तांब्या हंबीररावांसमोर ठेवला.

"घ्या की पावणं," ती म्हणाली. "आमच्याच हिरीचं हाय. माझी नातवंडं रोज पित्यात."

हंबीररावांनी तांब्याकडं पाहिलं. सगळी बैठक त्यांच्या हाताकडं बघत होती. त्यांनी गुळाचा खडा तेवढा उचलला.